तीन याद्या, एक पत्रिका

आमच्या मावळात लग्नाची पत्रिका वाचायला अर्धा तास लागतो. लग्न कुणाचं, कधी, कुठल्या कार्यालयात, हे मधल्या चार ओळींत उरकलेलं असतं. बाकी सगळी नावं. वर देव, मग निमंत्रक, मग व्यवस्थापक, मग स्वागतोत्सुक, मग मामा मंडळी, आणि अगदी तळाला किलबिल म्हणून ज्यांना अजून दातही आले नाहीत त्यांची नावं. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना याची फार गंमत वाटते. त्यांच्या पत्रिका तळहातावर मावतात आणि त्यांवर एक मोर असतो. आमच्याकडे पत्रिका हातात पडली की माणूस मुहूर्त बघत नाही. आधी स्वतःचं नाव शोधतो, मग आपल्या वर कोण आहे ते बघतो, मग चष्मा काढून ठेवतो. चष्मा कसा काढला यावरून तो लग्नाला येणार की नुसता अक्षता टाकून जाणार, हे घरच्यांना कळतं.

मी लोणावळ्यात राहते आणि घरी बसून प्रोग्रॅम लिहिते. नवरा रोज पुण्याला जातो, मी जात नाही, त्यामुळे मी काही काम करते यावर माझ्या माहेरी, औंढ्यात, फारसा कुणाचा विश्वास नाही. गावाच्या मते मी कंप्युटर दुरुस्त करते. प्रिंटर अडला, मोबाइलमधले फोटो उडाले, सातबारा ऑनलाइन दिसेना, की फोन मला. मी खरं काय करते ते एकदा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचा प्रयत्न केला होता. म्हटलं, मी लिस्प नावाच्या भाषेत लिहिते. ते म्हणाले, "कुटं बोलत्यात ती?" म्हटलं, कुठेच नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

लिस्प म्हणजे कंप्युटरच्या भाषांमधलं जुनं खोड. दिसायला नुसते कंसच कंस. साडी नेसताना लावलेली एक पिन उघडी राहिली की दिवसभर टोचत राहते, तसा एखादा कंस बंद करायचा राहिला की ही भाषा टोचत राहते. पण मला ती आवडते, कारण तिला याद्यांचं वेड आहे. यादी घ्या, यादीला यादी जोडा, यादी उलटी करा, यादीतून नको ते काढा. वाण्याच्या यादीपासून विमानांच्या वेळांपर्यंत काहीही दिलं तरी ती न कुरकुरता घेते. वीस वर्षं मी तिच्यावर पोट भरते आहे, आणि माणसाला एखादी गोष्ट वीस वर्षं येत असली की जी मिजास येते ती मला आली होती.

म्हणूनच भाचीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेतल्या नावांवरून घरात रण माजलं तेव्हा मी म्हटलं, याद्या माझ्याकडे द्या, दोन मिनिटांचं काम आहे. हे वाक्य मी आता वापरत नाही.

याद्या तीन होत्या. पहिली अण्णांची, शाळेच्या वहीत शिसपेन्सिलीने लिहिलेली: भावकी आणि गावातली वडीलधारी. दुसरी वहिनीची, म्हणजे नवरीच्या आईची. तिचं माहेर वराळ्याचं आणि माणसं अफाट. ती लिहीत बसली नाही, तिने मला व्हॉट्सॲपवर अकरा व्हॉइस मेसेज पाठवले, त्यातल्या चारांत मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या. तिसरी माझ्या भावाची, म्हणजे नवरीच्या बापाची. तळेगावच्या कंपनीतले मित्र, गावातलं तरुण मंडळ, क्रिकेटची टीम, सगळं त्याने एक्सेलमध्ये नीट भरून दिलं होतं. आमच्या गावचे सरपंच तिन्ही याद्यांत होते. असे बरेच जण. आणि एकच नाव दोनदा छापून चालत नाही. जागा जाते हे तर आहेच, पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात उभं राहून विचारतं की तो दोनदा आणि मी एकदाच, असं का?

अण्णांनी वही माझ्या हातात दिली तेव्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बाकीची नावं फिकट होती, हे एक पेन्सिल दाबून लिहिलेलं होतं. "ह्ये वर," ते म्हणाले. "समद्यात वर. बाकी तुला काय करायचं त्ये कर." ते नाव माझ्या थोरल्या चुलत्यांचं होतं. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

आबा आणि अण्णा सख्खे भाऊ. घरं समोरासमोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी बोळ. आणि दोघे बावीस वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. कारण माझ्या लग्नाची पत्रिका. घरातला थोरला म्हणून निमंत्रकांत आबांचं नाव सगळ्यात आधी यायचं, ते छापून आलं पाचवं, माझ्या मामांच्याही खाली. आबा लग्नाला आले, मंगलाष्टकं होईस्तोवर मांडवात ताठ उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी गेले. बस, संपलं. छापखान्याची चूक झाली असं आमच्याकडून दहा जणांनी जाऊन सांगितलं, उपयोग शून्य. त्या छापखानेवाल्याच्या नावाने माझ्या आईने इतकी बोटं मोडली की तो माणूस अजून धडधाकट आहे याचं मला नवल वाटतं.

अबोला होता तरी भांडण नव्हतं, ही त्यातली गंमत. हवामान बिघडलं की अण्णा ओसरीवर उभे राहून आईला मोठ्याने सांगायचे, "उद्या पावसाचं चिन्न हाय, भात झाकाया पायजे!" आई तीन हातांवर बसलेली असायची, तिला ओरडून सांगायची काही गरज नव्हती. घटकाभरात समोरच्या अंगणात ताडपत्री पडायची. आबाही आपल्या म्हशीला उद्देशून बरीच माहिती द्यायचे. पण तोंडाला तोंड नाही. तीन वर्षांपूर्वी चुलती गेली तेव्हा खांदा द्यायला अण्णा पहिले होते, दहाव्याला नदीवर होते, तेराव्याला होते. दोघा भावांत शब्द झाला नाही.

आणि आता नातीचं लग्न. वहिनी मला हळूच म्हणाली, "अण्णा रोज एकच म्हनत्यात. यंदा दादा मांडवातनं जेवून जायाला पायजे." अण्णा आबांना दादा म्हणतात. म्हणजे म्हणायचे. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाची एवढी एकच मागणी, आणि ती पत्रिकेच्या पहिल्या ओळीवर अवलंबून. मी वही घेऊन लोणावळ्याला आले.

तिन्ही याद्या कंप्युटरमध्ये भरल्या. याद्या एकत्र करून दुबार काढायचं लिस्पमध्ये तयार साधन आहे, त्याला युनियन म्हणतात. दोन याद्या द्या, ते एक परत देतं. मी ते चालवलं, तिसरी यादीही त्यात मिसळली, आणि चहा गाळून येते तो निकाल तयार. बघते तर सरपंच तीनच्या तीनदा हजर. एकही नाव गळलेलं नाही. वर आणि क्रम असा उलटापालटा झालेला की वहिनीच्या बहिणीचं सहा महिन्यांचं बाळ निमंत्रकांच्याही वर जाऊन बसलेलं.

क्रमाचं मला ठाऊक होतं. युनियन क्रमाची हमी देत नाही. त्याला मानपान कळत नाही. पण दुबार नावं का राहिली हे आठवायला मला दोन मिनिटं लागली, आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. लिस्पला तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर ती दोन शब्द तेव्हाच एक मानते, जेव्हा ते खरोखर एकाच जागी ठेवलेले, एकच असतात. अण्णांच्या वहीतले सरपंच आणि भावाच्या एक्सेलमधले सरपंच अक्षर न् अक्षर सारखे असले तरी लिहिलेत दोन ठिकाणी. मग ते दोन. तिचं म्हणणं असं की सारखं आणि एकच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्हाला कोणती हवी ते तुम्ही सांगा. नवशिके इथेच अडखळतात. मी त्यांना शिकवताना हे हसत हसत सांगते.

मग मी सांगितलं. अक्षरं जुळली की माणूस एकच समज, असं तिला बजावलं. क्रम बिघडू नये म्हणून युनियन सोडून दिलं; तिन्ही याद्या एकाखाली एक चिकटवल्या, आधी अण्णांची, मग वहिनीची, मग भावाची, आणि दुबार नावं गाळणारं दुसरं साधन त्यावर चालवलं. प्रत्येक नावापुढे ते पत्रिकेच्या कुठल्या भागात छापायचं ते लिहिलेलं होतं, पण ताडून बघायचं ते फक्त नाव. या साधनाची एक खोड आहे: दोन सारखी सापडली की ते आधीचं टाकतं आणि नंतरचं ठेवतं. हेही मला ठाऊक होतं. म्हटलं, दोन्ही सारखीच तर आहेत, कुठलंही राहिलं तरी काय बिघडतं?

यादी झक्क आली. सरपंच एकदाच आले, फक्त निमंत्रकांतून निघून स्वागतोत्सुकांत गेले. ते पस्तिशीचे आहेत, तरुणांत गेलेलं त्यांना आवडलंच असतं. म्हणून राहू दिलं. छापखान्यातून नमुन्याची पीडीएफ आली तेव्हा मी हुशारी केली. डोळे ताणून वाचत बसण्यापेक्षा आबांचं पूर्ण नाव टाकून शोधलं. सापडलं. एकदाच सापडलं. म्हणजे नाव आहे आणि दुबारही नाही. मी अंगठा पाठवला आणि छापा म्हणून कळवलं. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालेलं, त्यांनी नमुना बघितला नाही. "तू बगितलंयस ना?" एवढंच विचारलं.

पत्रिकांची खोकी आली त्या दिवशी मी औंढ्याला गेले. सकाळी ओसरीवर बसून वहिनी आणि मी पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावत होतो. पहिली पत्रिका देवाला, दुसरी समोरच्या घरी, आणि ती अण्णा स्वतः नेणार, असं ठरलेलं. वहिनीची एक सवय आहे, हात चालू असला की तोंडाने वाचत राहायचं. ती वाचत होती आणि मध्येच गप्प झाली.

"ताई, आबांचं नाव कुटंय?"

"असेल की वरच. मी स्वतः शोधलंय."

"वर न्हाई. वर अण्णांच्या मागं डायरेक पाटील मामा."

मी पत्रिका ओढून घेतली. निमंत्रकांत नाव नव्हतं. सगळी पत्रिका धुंडाळली तेव्हा सापडलं, खाली स्वागतोत्सुकांत, क्रिकेटच्या टीमच्या मधोमध. मी म्हटलं, "हे बघ, आहे ना. जागा चुकलीय फक्त." वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून शाळेत आहे. "ताई, ह्ये आबा न्हाईत. ह्यो त्यांचा नातू हाय."

आणि मला ते जुनं बारसं आठवलं. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण आजोबा गेल्यावर. आबांना ते मान्य नव्हतं. नातू झाला तेव्हा ते पाळण्यापाशी येऊन म्हणाले होते, "मी मेल्यावर ठिवलं तर मला कोन सांगाया येनार? जित्तेपनीच ठिवा, हाक मारल्याली ऐकू तरी यील." आबांच्या मुलाला आमच्या आजोबांचं नाव, नातवाला आबांचं, म्हणजे नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं आजोबा-नातवाचं हुबेहूब एक. फक्त आबांची ती हौस पुरी झाली नाही. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेणार कशी? तिने पोराला लाडाचं दुसरंच नाव ठेवलं आणि सगळा गाव त्याला त्याच नावाने ओळखतो. तीस वर्षांचा आहे आता, उर्स्याच्या टोलनाक्यावर कामाला असतो. त्याचं कागदावरचं नाव मी केव्हाच विसरून गेले होते. भावाने मात्र पत्रिकेला शोभेल असं कागदावरचंच लिहिलं होतं.

म्हणजे लिस्पने माझं ऐकलं होतं. अक्षरं जुळली, एक माणूस धरला, आधीचा टाकला, नंतरचा ठेवला. ऐंशी वर्षांचा थोरला चुलता मी माझ्या हाताने भावकीतून गाळला होता, तोही ज्या एका नावासाठी ही सगळी खटपट होती ते. मला स्वतःचा इतका राग आला की हळदीचं बोट कपाळाला पुसलं गेलं ते कळलंच नाही.

"परत छापून घेऊ," मी म्हटलं. "अजून कुणाला कुठे दिलीय!"

वहिनीने मोबाइल पुढे केला. माझ्या भावाने सकाळी सात वाजताच पत्रिकेचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता. खाली हात जोडलेले, फुलं, अभिनंदन. आणि तेवढ्यात मला फोन आला, टोलनाक्यावरून, त्या नातवाचाच.

"आत्या, माझं नाव छापलं त्याबद्दल लय थँक्यू," तो म्हणाला. "आमच्या टीमात मलाच लय मोठं वाटतंय. पन आत्या, आबांचं…"

"माहितीय रे. त्यांनी बघितलं का?"

"मोबाइल त्यांना दिसत न्हाई. पन दुपारपत्तुर कुनी ना कुनी वाचून दावनारच. त्याच्या आदी काय करायचं त्ये करा."

अण्णा मागच्या पडवीत भाताची पोती शिवत बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, लिस्पसकट. माझ्याकडून झालं हे दोनदा सांगितलं. ते दाभण हातात धरून ऐकत राहिले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, नव्या पत्रिका चार दिवसांत येतील, नाव सगळ्यात वर, मी स्वतः छापखान्यात उभी राहीन. ते म्हणाले, "छाप की. पन आदी जायाचं." दाभण पोत्यात खोचून ठेवलं, हातपाय धुतले, नवी टोपी घातली, चुकलेल्या पत्रिकांतलीच एक पत्रिका आणि ओंजळभर अक्षता घेतल्या आणि बोळीत उतरले. बावीस वर्षांत मी त्यांना सुखाच्या कामाला ती बोळ ओलांडताना पहिल्यांदा बघत होते. मी मागोमाग निघाले, कारण चूक माझी होती आणि समजावून सांगणं माझं काम होतं.

आबा ओट्यावर पावटे सोलत बसले होते. आम्हाला येताना त्यांनी बघितलं, पण हात थांबवला नाही. अण्णांकडे न बघता मला म्हणाले, "ये गं." मी बसले. अण्णा उभेच. मीच सुरुवात केली. तीन याद्या, दुबार नावं, अक्षरं जुळली की एक, आधीचं जातं, नंतरचं राहतं. पावट्याच्या शेंगाही मांडून दाखवल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तुज्या मशीनला मी आन माजा नातू येकच वाटलो?"

"हो आबा."

"आन त्यातला तरना ठिवला?"

"हो."

"मग मशीनचं काय चुकलं?" असं म्हणून ते एकटेच हसले. मीही हसले, सुटल्यासारखं वाटून. मला वाटलं झालं, मिटलं, नवी पत्रिका आणून दिली की संपलं. मी उठायच्या बेतात होते.

अण्णा हसले नव्हते. ते म्हणाले, "दादा, ह्या खेपंला चूक झाली. पोरीच्या हातनं." मग त्यांनी टोपी काढली, परत घातली. "मागल्या खेपंला चूक न्हवती झाली."

मला काही समजेना. मागल्या खेपेला म्हणजे माझ्या लग्नाला.

"छापखान्यात मी सोता गेलतो," अण्णा म्हणाले. "तुजं नाव खाली घ्या म्हनून मीच सांगितलं. तू देवळाम्होरं धा मान्सांत म्हनला होतास, पोरीला पुन्याला शिकाया ठिवली, आता गेली ती हातची. ते माज्या लय जिव्हारी लागलं. लोकांना म्हनलो, छापनाऱ्याची चूक. तुला बी त्येच सांगून धाडलं."

पावटे सोलणारा हात आता थांबला होता. "ठाऊक हाय," आबा म्हणाले. "छापनाऱ्यानं तवाच सांगितलं मला. तू कवा सांगतूस त्येची वाट बगत हुतो."

मला एकदम रडू आलं, आणि रागही आला. दोघांचाही. माझ्या शिक्षणावरून दोन सख्ख्या भावांनी बावीस वर्षं तोंडं फिरवली, समोरासमोरच्या ओसरीवर बसून म्हातारे झाले, आणि मला यातलं काहीच माहीत नाही. एका निरपराध छापखानेवाल्याला शिव्या घालत मी संसार केला. अण्णांनी माझी बाजू घेतली होती म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता, आणि तो वाटत होताही. पण त्या घटकेला मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं की अरे, हे सांगायला एवढी वर्षं लागतात का?

आबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हनलो हुतो खरं," ते म्हणाले. "हातची गेली म्हनून. आन गेली कुटं? लोनावळ्यातच तर हाय." मग अण्णांना म्हणाले, "परत छापू बिपू नगंस. पोराचं नाव खाली ऱ्हाऊ दे. बस आता, उबा का?"

अण्णा बसले. ओट्याच्या अगदी कडेला, पाहुण्यासारखे. पत्रिका आणि अक्षता त्यांनी आबांच्या हातात दिल्या. आबांनी पत्रिका न उघडता कपाळाला लावली आणि पावट्याच्या सुपाशेजारी ठेवली.

"तुजी वहिनी म्हनायची," आबा म्हणाले, "लग्नकार्य निगालं की यील त्यो. तिला लय खातरी." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "तीन वर्सं आदी आला असतास तर तिच्या हातचा चा मिळाला असता. आता माज्या हातचा घे."

सूनबाई शेतावर गेलेली होती. मी उठू लागले तर आबांनी मला हातानेच बसवलं आणि स्वतः आत गेले. भांडी वाजली, काहीतरी सांडलं. आतूनच त्यांनी ओरडून विचारलं, "लग्नाला जेवान काय ठिवलंय रं?" अण्णांनी ओट्यावरून मोठ्याने सांगितलं, "मसालेभात, जिलबी, वांग्याची भाजी." आतून आवाज आला, "वांगी कुनाची?" "आपलीच," अण्णा म्हणाले. अण्णांनी डोळे पुसले. ऑपरेशनमुळे पाणी येतं म्हणाले, आणि मी ते मान्य केलं.

आबा तीन कप घेऊन आले, एकेक करून, तीन खेपांत. मी एक घोट घेतला आणि दात आंबले; चहा नव्हता, पाक होता. अण्णांना मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली आहेत. आमच्या घरात साखरेचा डबा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवत नाहीत. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण समोरच्या घरात आबांपुढे अण्णांचा विषय काढायचा नाही असा दंडक होता, आणि तो सगळ्यांनी नीट पाळला होता.

"तीन चमचं घातल्यात," आबा अण्णांच्या हातात कप देत म्हणाले. "तुला तीन लागत्यात."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी गप्प बसले.

"व्हय, तीनच," अण्णा म्हणाले, आणि तळाची साखर बोटाने पुसून घेईपर्यंत त्यांनी तो कप खाली ठेवला नाही.